सीईओ बदलला की शेअर का हलतो? कंपनीचं नेतृत्व, बढती आणि भागधारकाचा परतावा

आमच्या ऑफिसात मध्यंतरी एक मेल आला. सीईओ पायउतार होतोय आणि आतल्याच एका प्रमुखाला बढती मिळाली आहे. पुढच्या दहा मिनिटांत टीमच्या चॅटवर एकच प्रश्न होता: "आरएसयू विकायचे की ठेवायचे?" आरएसयू म्हणजे पगाराचा भाग म्हणून ठरावीक काळाने मिळणारे कंपनीचे शेअर. कोणाचं घराचं डाऊन पेमेंट त्यात होतं, कोणाच्या बहिणीच्या लग्नाचे पैसे. उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं होतं, आणि बहुतेक उत्तरं अंदाजपंचे होती.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. नेतृत्व बदललं की शेअरचा भाव कसा आणि का हलतो, त्याचा भागधारकाच्या परताव्याशी खरा संबंध किती, आणि आपण नेमकं काय तपासायचं, हे क्रमाने पाहू. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. त्यामुळे "हा शेअर घ्या" असं इथे काही मिळणार नाही.

थोडक्यात उत्तर आधीच देतो. नेता बदलल्याची बातमी काही दिवसांचा भाव ठरवते. त्या नेत्याने कंपनीचा पैसा कुठे लावला, हे काही वर्षांचा परतावा ठरवतं. या दोन गोष्टी आपण एकच समजतो आणि तिथे चुकतो.

## आधी काही शब्द

प्रवर्तक: कंपनी उभी करणारी किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवणारी व्यक्ती, कुटुंब किंवा समूह. इंग्रजीतून आलेला "प्रमोटर" हा शब्द सर्रास वापरतात. बढतीच्या "प्रमोशन"शी याचा संबंध नाही, पण बातम्या वाचताना गोंधळ होतो.

सीईओ किंवा एमडी: रोजचा कारभार चालवणारा. तो प्रवर्तकांपैकी असू शकतो किंवा पगारी व्यावसायिक.

संचालक मंडळ: सीईओ नेमणारं आणि काढणारं मंडळ. संचालकांची नेमणूक भागधारकांच्या मतदानाने पक्की होते.

एकूण परतावा: भावातली वाढ अधिक मिळालेला लाभांश. १०० रुपयांना घेतलेला शेअर ३ वर्षांनी १२० झाला आणि मधे ५ रुपये लाभांश मिळाला, तर एकूण परतावा २५ टक्के. वर्षाला चक्रवाढीने तो साधारण ७.७ टक्के पडतो. बँकेच्या एफडीशी तुलना करायची तर या दुसऱ्या आकड्याशी करा.

## भाव कशाचा बनतो?

सगळ्यात उपयोगी सूत्र एका ओळीचं आहे:

भाव = प्रति शेअर नफा × पीई गुणोत्तर

पीई म्हणजे एक रुपया नफ्यासाठी बाजार किती रुपये मोजायला तयार आहे तो आकडा. नफा हा बऱ्याच अंशी नेतृत्वाच्या हातात असतो. पीई बाजाराच्या हातात असतो, आणि नेत्यावरचा विश्वास त्यात मिसळलेला असतो.

समजा प्रति शेअर नफा १० रुपये आणि पीई २०, म्हणजे भाव २००. पुढच्या ६ वर्षांत सीईओने नफा दुप्पट केला, २० रुपये. पण दरम्यान पीई १२ वर आला. भाव झाला २४०. नफा वर्षाला १२ टक्क्यांनी वाढला आणि भाव जेमतेम ३ टक्क्यांनी. सीईओ नापास झाला का? नाही. आपण सुरुवातीलाच महाग भाव दिला होता.

याचं मोठं उदाहरण मायक्रोसॉफ्ट. स्टीव्ह बाल्मर जानेवारी २००० मध्ये सीईओ झाले, डॉटकॉमचा फुगा अगदी टोकाला असताना. त्यांच्या काळात कंपनीची वार्षिक विक्री सुमारे २३ अब्ज डॉलरवरून ७८ अब्ज डॉलरच्या आसपास गेली, तरी शेअर वर्षानुवर्षं रेंगाळला. २३ ऑगस्ट २०१३ रोजी त्यांनी निवृत्तीची घोषणा केली आणि त्या दिवशी शेअर सुमारे ७ टक्के वर गेला. मोबाइलची संधी हुकली हे खरं. पण त्या रेंगाळण्यात २००० सालच्या फुगलेल्या पीईचाही मोठा वाटा होता, आणि तो बाल्मर यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

## एका दिवसाचा परिणाम कसा मोजतात?

अर्थशास्त्रज्ञ यासाठी "घटना-अभ्यास" नावाची पद्धत वापरतात. फामा, फिशर, जेन्सन आणि रोल यांच्या १९६९ च्या शोधनिबंधापासून ती रूढ झाली. कल्पना सोपी आहे: शेअर जितका हलला त्यातून बाजार जितका हलला ते वजा करा. उरलं ते बातमीमुळे.

इन्फोसिस घ्या. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सीईओ विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला. त्या दिवशी शेअर सुमारे ९.६ टक्के पडला, म्हणजे १०२१ रुपयांवरून ९२३ वर. सेन्सेक्स त्याच दिवशी सुमारे ०.८५ टक्के खाली होता. वजाबाकी केली तर जवळजवळ पावणेनऊ टक्के घसरण राजीनाम्याच्या खात्यावर जाते. एका दिवसात सुमारे २२,५०० कोटींचं बाजारमूल्य गेलं.

एक माणूस गेल्याने २२,५०० कोटी? बाजाराने फक्त सिक्का यांची किंमत लावली नव्हती. संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातला वाद तेव्हा उघड्यावर आला होता आणि पुढचा सीईओ ठरलेला नव्हता. १९ ऑगस्टला मंडळाने १३,००० कोटींपर्यंतची शेअर पुनर्खरेदी जाहीर केली, तीही ११५० रुपये भावाने. तरी सोमवारी शेअर आणखी साधारण ५ टक्के पडला. पैसे दिले म्हणून अनिश्चितता जात नाही.

२४ ऑगस्टला नंदन नीलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थीमुळे बाजार बंद होता. सोमवारी २८ तारखेला शेअर सुमारे ३ टक्के वर गेला. सलील पारेख यांनी २ जानेवारी २०१८ ला सूत्रं घेतली आणि त्याच महिन्यात भाव राजीनाम्याआधीच्या पातळीच्या वर होता. १८ आणि २१ ऑगस्टला घाबरून विकणाऱ्याचं नुकसान कायमचं झालं. थांबलेल्याचं पाचेक महिन्यांत भरून निघालं.

म्हणजे नेहमी थांबावं का? घाई करू नका, पुढे याच्या अगदी उलट उदाहरण येतंय.

## दोन बदल एकाच दिवशी आले तर?

प्रॉडक्शनवर एकाच रात्री दोन बदल सोडले आणि सकाळी सर्व्हर बसला, तर दोष कोणाचा? शेअरमध्येही हाच घोळ होतो.

१२ जानेवारी २०१७ ला टीसीएसचे सीईओ एन. चंद्रशेखरन यांना टाटा सन्सचे अध्यक्ष म्हणून नेमलं. टीसीएसमध्ये त्यांच्या जागी राजेश गोपीनाथन यांना बढती मिळाली. दुसऱ्या दिवशी टीसीएसचा शेअर साधारण ४ टक्के घसरला. "चंद्रा गेले म्हणून शेअर पडला" ही बातमी सोपी होती. पण त्याच १२ तारखेला कंपनीचे तिमाही निकालही आले होते. यातला कोणता टक्का कोणाचा, हे सरळ वजाबाकीने काढता येत नाही.

म्हणून नेतृत्वबदलाची बातमी वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: त्याच दिवशी आणखी काय जाहीर झालं?

दुसरा सापळा बोनसचा. इन्फोसिसने सप्टेंबर २०१८ मध्ये एकास एक बोनस शेअर दिले. भाव निम्मा दिसू लागला, शेअर दुप्पट झाले. समायोजन न केलेला तक्ता बघून कोणी म्हणेल, "नव्या सीईओच्या काळात शेअर निम्मा झाला." तुलना करताना बोनस आणि विभाजन धरून समायोजित केलेला भावच घ्या.

## आतून बढती की बाहेरून माणूस?

टीसीएस या बाबतीत अभ्यासण्यासारखी कंपनी आहे. फकीरचंद कोहली, एस. रामदोराई, चंद्रशेखरन, गोपीनाथन आणि जून २०२३ पासून के. कृतिवासन: रामदोराई यांच्यापासून प्रत्येक जण कंपनीच्या आतूनच वर आला. चंद्रशेखरन १९८७ मध्ये कंपनीत आले आणि २००९ मध्ये सीईओ झाले. १६ मार्च २०२३ ला गोपीनाथन यांच्या राजीनाम्याची बातमी आली ती अनपेक्षित होती. तरी दुसऱ्या दिवशी शेअर जेमतेम हलला. कारण पुढचं नाव त्याच पत्रकात होतं आणि ते नाव जुनं होतं.

१८ ऑगस्ट २०१७ आणि १७ मार्च २०२३ शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे सीईओचा अचानक राजीनामा. एकीकडे जवळजवळ १० टक्के, दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही. फरक वारसदार तयार असण्याचा होता.

याचा अर्थ आतली बढती नेहमी चांगली असा नाही. चालती गाडी चालू ठेवायला आतला माणूस बरा. जिथे दिशाच बदलायची आहे तिथे बाहेरचा माणूस जुन्या हितसंबंधांत अडकलेला नसतो. पण यालाही अपवाद आहे: मायक्रोसॉफ्टची दिशा क्लाउडकडे नेणारे सत्या नडेला १९९२ पासून कंपनीतच होते.

बर्ट्रांड आणि शोअर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. एका कंपनीतून दुसरीत गेलेल्या व्यवस्थापकांचा माग काढून त्यांनी दाखवलं की कर्ज, गुंतवणूक, कंपन्या विकत घेणं यांबाबत प्रत्येकाची एक ठरावीक शैली असते आणि ती माणसाबरोबर नव्या कंपनीत जाते. म्हणजे नव्या सीईओचं भाषण ऐकण्यापेक्षा त्याने आधीच्या जागी पैसा कसा खर्च केला ते वाचणं जास्त कामाचं.

## वर्षांचा परिणाम: कोपरखैरणेच्या दोन कॅम्पसची गोष्ट

मी कोपरखैरणेत राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी आहे. ते रिलायन्स कम्युनिकेशन्सचं, म्हणजे आरकॉमचं मुख्यालय. याच रस्त्यावर घणसोलीच्या बाजूला रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आहे, जिथून जिओ चालते. एकाच उद्योगातल्या, एकाच घरातून निघालेल्या या दोन कंपन्या. नेतृत्वाचा परताव्यावर काय परिणाम होतो हे शिकायला याहून जवळचं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

घटना तारखांसकट पाहू.

धीरूभाईंचं निधन ६ जुलै २००२ ला झालं. मृत्युपत्र नव्हतं. डिसेंबर २००२ मध्ये समूहाने सीडीएमए तंत्रावर मोबाइल सेवा आणली. १८ जून २००५ ला भावांमध्ये वाटणी झाली, दूरसंचार अनिल अंबानींकडे गेलं. रिलायन्स इंडस्ट्रीजच्या भागधारकांना एका शेअरमागे नव्या दूरसंचार कंपनीचा एक शेअर मिळाला आणि मार्च २००६ मध्ये तो ३०० रुपयांच्या आसपास नोंदला गेला. जानेवारी २००८ मध्ये भाव ८०० च्या वर होता. त्या काळात नेतृत्वाला बाजाराने पूर्ण गुण दिले होते.

मग एकेक निर्णय आणि एकेक अडचण. २००८ मध्ये आफ्रिकेतल्या एमटीएनशी विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली. कौटुंबिक करारानुसार पहिला हक्क आपला, असा दावा मोठ्या भावाच्या कंपनीने केला आणि जुलैमध्ये बोलणी फिसकटली. सीडीएमएचं जाळं असताना २००९ च्या सुरुवातीला देशभर जीएसएम सेवा आणली, म्हणजे दोन तंत्रांचा खर्च. २०१० च्या लिलावात १३ मंडळांच्या थ्रीजी स्पेक्ट्रमसाठी ८,५८५ कोटी मोजले. कर्ज वाढत गेलं.

मे २०१० मध्ये दोन भावांनी एकमेकांच्या क्षेत्रात न उतरण्याचा करार रद्द केला. जूनमध्येच रिलायन्स इंडस्ट्रीजने देशभराचं ब्रॉडबँड स्पेक्ट्रम जिंकलेली इन्फोटेल ब्रॉडबँड ४,८०० कोटींना ताब्यात घेतली. पुढे हीच कंपनी जिओ झाली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली तेव्हा आरकॉमकडे दरयुद्ध झेलायला ताकद उरली नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये एअरसेलशी ठरलेलं विलीनीकरण रद्द झालं. सुमारे ४५,००० कोटींचं कर्ज होतं. डिसेंबर २०१७ पासून मोबाइलवरची कॉल सेवा बंद झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला कंपनीने दिवाळखोरी प्रक्रियेत जाण्याचं जाहीर केलं. पुढच्या सोमवारी शेअर दिवसभरात निम्म्याहून जास्त कोसळला आणि अखेरीस सुमारे ३५ टक्के खाली बंद झाला.

आता मुख्य मुद्दा. अनिल अंबानींनी संचालकपदाचा राजीनामा नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला. तेव्हा शेअर एका रुपयाच्याही खाली होता. म्हणजे नेतृत्वबदलाची "मोठी बातमी" आली तोपर्यंत हलायला भावच शिल्लक नव्हता. ज्या निर्णयांनी परतावा ठरवला ते नऊ-दहा वर्षं आधी, कधी लिलावाच्या बातमीत तर कधी ताळेबंदातल्या कर्जाच्या ओळीत, सगळ्यांसमोर होते.

दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटपाचा क्रम आहे. त्यात सामान्य भागधारक सगळ्यात शेवटी येतो. कर्ज मालमत्तेपेक्षा मोठं असेल तर त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. इन्फोसिसमध्ये थांबणं फळलं, कारण कंपनीवर कर्ज नव्हतं आणि नफा चालू होता. इथे थांबणं फळलं नाही.

दुसऱ्या कॅम्पसचा इतिहासही सरळ रेषेचा नाही. २००९ ते २०१६ या काळात रिलायन्स इंडस्ट्रीजचा शेअर साधारण तिथल्या तिथेच होता. नेता तोच, कंपनी नफ्यात, पण जिओत जवळपास दीड लाख कोटी ओतले जात होते आणि उत्पन्न शून्य होतं. २१ फेब्रुवारी २०१७ ला मुकेश अंबानींनी एप्रिलपासून जिओ पैसे आकारणार असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ११ टक्के वर गेला. माणूस बदलला नव्हता. गुंतवलेल्या पैशातून पैसा येणार, एवढंच पहिल्यांदा दिसलं.

आणि न्यायाने हेही सांगायला हवं: सीडीएमएची निवड वाटणीच्या आधीची, एकत्र कुटुंबाची होती. नेत्याला पत्ते वाटून मिळतात, सगळे तो निवडत नाही.

## नवा सीईओ आला आणि कंपनी सुधारली, श्रेय कोणाचं?

सीईओ सहसा कंपनी वाईट अवस्थेत असताना बदलतात. वाईट काळानंतर गोष्टी थोड्या सुधारतातच, नेता कोणीही असो. क्रिकेटमध्ये सलग पाच सामने हरल्यावर कर्णधार बदलला आणि सहावा जिंकला, तसंच हे. म्हणून नव्या सीईओच्या पहिल्या वर्षाच्या परताव्यावरून मत बनवू नका. त्याच क्षेत्रातल्या इतर कंपन्यांचं त्या काळात काय झालं, ते शेजारी ठेवा.

## तपासायचं काय आणि कुठे?

हे सगळं फुकट मिळतं. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि "घोषणा" विभाग उघडा.

१. राजीनाम्याचं पत्र: सेबीच्या नियमांनुसार वरिष्ठ पदाधिकाऱ्याचं पत्र राजीनामा लागू झाल्यापासून ७ दिवसांत शेअर बाजाराला द्यावं लागतं. "वैयक्तिक कारण" लिहिलंय की मतभेद, ते स्वतः वाचा.

२. वारसदार: नाव त्याच दिवशी आलं का? सीईओचं रिकामं पद साधारणपणे ३ महिन्यांत भरणं बंधनकारक आहे.

३. सोबत आणखी कोण गेलं? सीईओ, वित्त प्रमुख आणि लेखापरीक्षक थोड्या अंतराने गेले तर ती साधी बढती-बदली समजू नका.

४. प्रवर्तकांचे गहाण शेअर: दर तिमाहीनंतर २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता येतो. त्यात गहाण शेअरचा रकाना असतो. भाव पडला की सावकार हे शेअर विकू शकतो, त्याने भाव आणखी पडतो.

५. कर्ज आणि रोकड: गेल्या ५ वर्षांत कर्ज नफ्यापेक्षा वेगाने वाढलं का?

६. पगार: कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार एमडीचा पगार आणि मध्यम कर्मचाऱ्याचा पगार यांचं गुणोत्तर वार्षिक अहवालात द्यावं लागतं. नफा घसरत असताना ते वाढतंय का?

७. मतदान: संचालकांच्या नेमणुकीवर तुमचंही मत असतं. २०२३ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजच्या मंडळावर अंबानींच्या तिन्ही मुलांच्या नेमणुकीसाठी मतदान झालं. ईशा आणि आकाश यांना ९८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. अनंत यांच्या कमी अनुभवाकडे काही सल्लागार संस्थांनी बोट दाखवलं होतं, त्यांना ९२ टक्क्यांहून थोडी जास्त मिळाली. तिघेही निवडून आले, पण भागधारकांनी बढतीत फरक केला हे आकड्यांत दिसलं.

## मग आरएसयूचं काय?

नोकरदाराची अडचण साध्या गुंतवणूकदारापेक्षा मोठी आहे. नेतृत्व चुकलं तर त्याचा शेअर पडतो. आपला शेअर पडतो आणि नोकरीही त्याच वेळी धोक्यात येते. दोन्ही अंडी एकाच टोपलीत, आणि ती टोपली दुसऱ्याच्या हातात.

मी काय केलं ते सांगतो. वरची यादी लावून पाहिली. कर्ज नव्हतं, वारसदार आतला होता, सोबत दुसरं कोणी गेलं नव्हतं. म्हणजे घाबरण्याचं कारण नव्हतं. तरी मी निम्मे शेअर विकले, कारण हिशेब केल्यावर माझ्या एकूण बचतीचा निम्म्याहून जास्त भाग त्या एकाच कंपनीत निघाला. तो धोका नव्या सीईओने आणलेला नव्हता. जुना असतानाही तो तेवढाच होता, मेल आल्यावर मी पहिल्यांदा मोजला इतकंच.

तुमच्या कंपनीत असा मेल येईल तेव्हा आधी ताळेबंद उघडा, मग स्वतःचा डीमॅट. भावाचा तक्ता सगळ्यात शेवटी.